बाराबोर दुनळी: पट्टीवरचं नाव सोडून बाकी सगळं

नोंद १. बाहेरून

एक जुनी दुनळी किती जुनी, कुणी बनवलेली आणि किती किमतीची हे तपासलं, त्याच्या या नोंदी. हॅमरलेस (बाहेर घोडे नसलेली) बॉक्सलॉक (बार उडवणारी यंत्रणा मधल्या चौकटीच्या आत), नळ्या ३० इंची, परवान्यावर नुसतं 'डीबीबीएल (मागून भरायची दुनळी), १२ बोर'. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका जुन्या दुकानाचं नाव कोरलेलं. परवानाधारकासमोर दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पाहून मगच काम सुरू केलं.

पट्टीवरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं. मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची दुकानं. (रॉडा म्हणजे तीच, जिच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं २६ ऑगस्ट १९१४ ला बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली.) अशा दुकानांच्या नावाच्या कितीतरी बंदुका बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बनवलेल्या. काही नावं तर सरळ फसवी. 'डब्ल्यू. रिचर्ड्स' वाचून नावाजलेले इंग्रज बंदूककार वेस्टली रिचर्ड्स समजणारे अजून भेटतात, आणि खाली शिक्का बेल्जियमचा निघतो.

नोंद २. शिक्के

फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढला, नळ्या उतरवल्या. चेंबरखालच्या (काडतूस बसतं त्या जागेखालच्या) सपाट भागावर शंभर वर्षांचा तेलाचा चिकटा होता. रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं. पॉलिश पेपर किंवा ब्रासो लावायचं नाही. शिक्क्याची कड एकदा गोल झाली की बंदुकीचं वयही गेलं आणि किंमतही. पुसट शिक्क्यात टाल्कम पावडर चोळा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. अक्षरं उभी राहतात.

मिळालं ते असं: मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी, चौकटीत १२ च्या खाली सी, '१३ वर १', आणि 'चोक' (नळीचं तोंड किंचित आवळलेलं). मुकुटाखालचे बीव्ही-बीपी म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाऊस (नळ्यांची चाचणी घेऊन शिक्का मारणारी संस्था), १९०४ नंतरचं. एनपी म्हणजे नायट्रो, अर्थात धूरविरहित दारूची चाचणी झालेली. चौकटीतला सी १९२५ पर्यंतचा. त्यानंतर तिथे चेंबरची लांबी इंचात येऊ लागली. म्हणून बंदूक १९०४ ते १९२५ मधली. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. जुन्या बंदुकांवर मुकुटाखाली एकमेकांवर ठेवलेले राजदंड दिसतात. लंडनच्या शिक्क्यात जीपी गुंफलेलं असतं. अंडाकृतीत ईएलजी दिसलं तर ती बेल्जियममधल्या लीएजची, आणि त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची.

नोंद ३. मोजमाप

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. '१३ वर १' हा बोर क्रमांक (नळीच्या आतल्या व्यासाची पायरी) आहे, त्याचं माप ०.७१९ इंच. पुढची पायरी १२, म्हणजे ०.७२९. नळी घासत-पॉलिश होत पुढच्या पायरीला पोहोचली की ती प्रूफबाहेर, म्हणजे शिक्क्याची चाचणी तिला लागू राहत नाही. मोजायचं चेंबरच्या तोंडापासून ९ इंच आत. व्हर्नियर तिथे पोहोचत नाही, बोर गेजच लागतो.

उजवी ०.७२२, डावी ०.७२७. डावी त्या मर्यादेपासून दोन हजारांश इंचावर उभी आहे. मागे कुणीतरी खड्डे काढायला ती घासली असणार. भिंतीची जाडी डावीकडे सर्वांत कमी ठिकाणी ०.०२१ इंच भरली. ०.०२० च्या खाली जाणकार हात लावत नाहीत.

चेंबर निघाला २½ इंच, म्हणजे काडतुसाच्या खोक्यावर ज्याला ६५ मिमी म्हणतात तो. ७० मिमीचं काडतूस त्यात बसतंही, म्हणूनच ते धोक्याचं. बार उडताना केसचं (काडतुसाच्या नळकांड्याचं) तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब चढतो. खोक्यावरची लांबी वाचायचीच. ती उलगडलेल्या केसची असते. हातातलं काडतूस आखूड दिसतं, त्यावर जाऊ नये.

नळ्या दोरीने टांगून लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्या. आवाज घंटेसारखा घुमला, म्हणजे पट्ट्यांचा डाख शाबूत आहे. सैल असत्या तर फुटक्या मडक्यासारखा थड आवाज आला असता. फोरएंडशिवाय जोडून हलवून पाहिलं, नळ्या आणि मागच्या भागाच्या सांध्यात किंचित खेळ आहे. दुरुस्त होईल.

नोंद ४. कारखाना

पट्टीच्या मागच्या टोकाचा, वरच्या खटक्याच्या तिरक्या उतारात अडकणारा वेब्ली स्क्रू-ग्रिप (बंदूक बंद धरून ठेवणारी पकड) सापडला. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट इतर दुकानांसाठी भरपूर बॉक्सलॉक बनवत असे, त्यामुळे बोट तिकडेच जातं. नळ्यांखालची अक्षरं कारागिरांची असतात. त्यांवरून कंपनी ठरवू नये.

बंदुकीच्या स्क्रूंची खाच फाटलेली नाही, हे चांगलं लक्षण. या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात, बाजारातला निमुळता स्क्रूड्रायव्हर त्या फाडतो. पातं घासून समांतर करून घ्यावं.

नोंद ५. किंमत

ब्रिटनच्या लिलावाचा आकडा रुपयांत बदलून सांगणं निरुपयोगी. इथे भारतात ग्राहक फक्त परवानाधारक, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे कमाल दोनच शस्त्रं. त्यामुळे तिसरी-चौथी दुनळी बाळगणाऱ्यांना ती विकावी किंवा जमा करावी लागली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आयात जवळपास बंद, म्हणून नावाजलेल्या परदेशी बंदुकीला मागणी टिकून आहे. पण ती मागणी साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर), इजेक्टर (रिकामी केस आपोआप बाहेर फेकणारी) आणि मूळ स्थितीला. आपली बॉक्सलॉक, नॉन-इजेक्टर. दस्त्याला मागे एक इंचाचा लाकडी जोड आहे, तोही वजा.

बंदुकीवरचा क्रमांक परवान्याशी अक्षर-अक्षर जुळवा. तो घासणं शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ खाली गुन्हा आहे, 'साफसफाई' म्हणून चुकून केलं तरी पंचाईत होते.

पुढचं काम सांध्याचं, तेही परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. त्याला कागदावर लिहून द्यायचं: डावी नळी आतून पॉलिश करायची नाही.