उंबरखिंड: फलक वाचा, मग मागे वळून घाट पाहा

खोपोली-पाली रस्त्यावर शेमडीजवळ चावणीचा फाटा लागतो. गाडीच्या वेगात तो सहज चुकतो, म्हणून खोपोली सोडल्यावर नजर डावीकडे ठेवा. चावणीच्या पुढे, अंबा नदीकाठी उंबरखिंडीच्या लढाईच्या समरभूमीचं स्मारक आहे.

बहुतेक जण इथे फोटो काढून परततात. पण फलक लढाई सांगतो, जागा दाखवत नाही. ती आपणच वाचायची असते. फेब्रुवारी १६६१मध्ये मुघल सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. पुढची वाट शिवाजी महाराजांनी अडवली, मागची नेताजी पालकरांनी. सोबतच्या मुघल स्त्री सरदार रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला.

स्मारकाकडे पाठ करून पूर्वेची घाटाची भिंत पाहा. सकाळी ऊन तिच्या मागून येतं, त्यामुळे सगळं धूसर दिसतं. दुपारी तीननंतर घळी स्पष्ट उठून दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा सोबत घ्या. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जिथे दाटतात तिथे चढ उभा. एवढ्या अरुंद वाटेत मोठी फौज पांगूच शकत नाही, हे तिथेच कळतं.

आजची झाडी आणि डांबरी रस्ता म्हणजे तेव्हाची वाट नव्हे, ही गल्लत टाळा. पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरू नका, घाटावरच्या सरीने पाणी अचानक चढतं. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी हवंच.