कठड्यावरून आलेला खेळाडू

न्यूयॉर्कहून ऑल्बनीला जाणार असाल तर रेल्वेनं जा आणि डाव्या बाजूची खिडकी पकडा. भावानं फोनवर तीनदा बजावलं होतं, "ताई, डावीकडे बस, उजवीकडे नुसत्या दरडी दिसतात." पेन स्टेशनच्या तळघरातून गाडी बाहेर आली आणि थोड्याच वेळात हडसन नदी जी सोबतीला आली ती पार शेवटपर्यंत. मध्येच एका बेटावर बॅनरमनचा पडका किल्ला दिसतो. आपल्याकडचे किल्ले बघितलेल्या माणसाला तो नाटकाच्या सेटसारखा वाटतो, पण फोटो मी काढलाच. अडीच तासांनी उतरलो ते ऑल्बनीत नाहीच. स्टेशन नदीच्या अलीकडे, रेन्सलर नावाच्या गावात. न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीला स्वतःच्या हद्दीत स्टेशन नाही, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

हे 2018 सालचं. भाऊ राहतो निस्कायुनाला. शेजारचं स्केनेक्टडी म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं जुनं गाव. पहिल्या दिवशी नेहमीचं फिरणं झालं. कॉर्निंग टॉवरच्या बेचाळिसाव्या मजल्यावरून फुकटात शहर बघितलं, खाली 'द एग' नावाचं अंड्याच्या आकाराचं नाट्यगृह बघितलं. मला खरा आनंद झाला तो ब्रॉडवेवर. तिथल्या एका जुन्या गोदामाच्या छपरावर अठ्ठावीस फुटांचा कुत्रा बसलाय, मान तिरकी करून. निपर! आमच्या आजोबांच्या तबकड्यांवरचा, कर्ण्यापुढे बसलेला. बालगंधर्व ऐकायला बसावं तसा तो ऑल्बनीच्या रहदारीकडे कान लावून बसला होता. भाच्याला मी हे समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, "आत्या, तबकडी म्हणजे?"

भाचा अकरा वर्षांचा, आणि त्याच्या डोक्यात त्या उन्हाळ्यात एकच विषय होता: एम्पायर. ऑल्बनी एम्पायर, अरीना फुटबॉल लीगमधला नवाकोरा संघ, पहिलाच मोसम. शनिवारी संध्याकाळी सामना होता, वॉशिंग्टन व्हॅलर विरुद्ध. मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण तिकीट काढून झालं होतं, तेही कठड्याला लागून दुसऱ्या रांगेतलं. वहिनी म्हणाली, "तुम्ही जा, मी घरी शांतपणे झोपते."

गाडीत भाच्यानं शिकवणी घेतली. हा खेळ छपराखाली चालतो. मैदानी फुटबॉलचं मैदान शंभर यार्डांचं, हे पन्नासचं. तिथं अकरा खेळाडू, इथं आठ. बाजूला सीमारेषा नाही, गादी लावलेला कमरेएवढा कठडा आहे. गोलखांबांच्या दोन्ही अंगांना उंच जाळ्या ताणलेल्या असतात आणि जाळीला लागून परत आलेला चेंडू मेलेला नसतो, तो पकडून पळता येतं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात दिवा पेटला. म्हणजे बॉक्स क्रिकेट! भाऊ स्टिअरिंगवर हात आपटून हसला. "ताई, मी त्याला सहा महिने हेच सांगतोय."

या खेळाचा जन्मही तसाच, जागेच्या अडचणीतून नाही पण जागा बघून सुचलेला. जिम फॉस्टर नावाचा गृहस्थ 1981 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला छपराखालचा सॉकर बघत बसला होता. त्याला वाटलं, आपला फुटबॉल इथं का नाही मावणार? हातातल्या पाकिटावरच त्यानं मैदानाची आकृती काढली. 1987 मध्ये चार संघांची लीग सुरू झाली. पुढं ती फुगत फुगत गेली, फुटली, पुन्हा उभी राहिली, आणि मी ऑल्बनीला पोचले तेव्हा पुन्हा चारच संघांवर आली होती. ऑल्बनी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. प्रत्येकाशी इतक्या वेळा गाठ पडायची की मोसमाच्या अखेरीस खेळाडूंना एकमेकांच्या आजारी काकांची चौकशी करता येत असावी. वर बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या दोघांचा मालक एकच, टेड लेऑन्सिस. आपल्याकडे चाळीतल्या स्पर्धेतसुद्धा याला कोणीतरी हरकत घेतली असती.

साउथ पर्ल स्ट्रीटवरचं ते सभागृह तेव्हा टाइम्स युनियन सेंटर म्हणून ओळखलं जायचं. 1990 मध्ये उघडलं तेव्हा नाव निकरबॉकर अरीना होतं आणि पहिला कार्यक्रम फ्रँक सिनात्राचा. मधे काही वर्षं पेप्सीचं नाव होतं. दारातच रांगेत पुढे एक सत्तरीचे आजोबा उभे होते, अंगात उसवलेली जर्सी, त्यावर 'फायरबर्ड्स'. मला वाटलं चुकून दुसऱ्याच संघाची घालून आले. भावानं हळूच सांगितलं, तो ऑल्बनीचा पहिला संघ. याच सभागृहात अकरा मोसम खेळला, एडी ब्राऊनसारखा खेळाडू त्यांच्याकडे होता, 1999 मध्ये अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्या मोसमानंतर संघ उचलून इंडियानापोलिसला नेला. आजोबांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. भाषा कळली नाही पण नाव कळलं. मागे वळून म्हणाले, "माझी बायको म्हणते, एकदा पळून गेलेल्यावर पुन्हा जीव लावू नये." मी विचारलं, त्या कुठे आहेत? "आत. सीट धरून बसलीये."

आत गेल्यावर आधी खाणं. ऑल्बनीची खासियत म्हणजे तळलेल्या चीजच्या कांड्या आणि त्यांच्याबरोबर रासबेरीचा गोड सॉस. शहरात दुपारीच खाल्ल्या होत्या. गरम भज्याला गुळांबा लावून खाल्ल्यासारखं लागतं, आणि मला ते आवडलं हे मी इथं कबूल करून टाकते. सभागृहात मात्र नाचो आणि चीज, पुठ्ठ्याच्या तबकात.

मग दिवे गेले, धूर सोडला, भोंगा वाजला आणि एकेक खेळाडू धावत आला. पुढचा दीड तास माझ्या कानांनी काय सोसलं ते कानच जाणोत. खेळ वेगवान म्हणजे किती? आपण कोपऱ्यातल्या माणसाकडे बघेपर्यंत दुसऱ्या टोकाला सहा गुण झालेले असतात. घड्याळ सहसा थांबत नाही, ते थांबायला लागतं प्रत्येक डावाच्या शेवटच्या मिनिटात, आणि ते एक मिनिट चांगलं पाव तास चालतं. चेंडू लाथाडून देऊन टाकायची सोयच नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी काहीतरी करून दाखवावंच लागतं. एम्पायरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा गडी, टॉमी ग्रेडी, उंची सहा फूट सात इंच. इतक्या छोट्या मैदानात तो दिवाणखान्यात उभ्या केलेल्या कपाटासारखा दिसायचा. पण हात असा सुटायचा की चेंडू गेलेला कळायचा तो पलीकडे पकडला गेल्यावर.

दुसऱ्या डावात ते झालं. चेंडू आमच्या दिशेनं आला, जरा उंच. त्याच्यामागे व्हॅलरचा एक खेळाडू धावत आला, नजर वर, आणि त्याला कठडा दिसलाच नाही. मांड्या गादीवर आपटल्या, पाय वर झाले आणि अख्खा माणूस पहिल्या रांगेवरून आमच्या रांगेत. नाचोचं तबक माझ्या हातातून उडालं. त्याचा एक पंजा माझ्या गुडघ्यावर होता, मनगटाला गुंडाळलेल्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या पेननं काहीतरी लिहिलं होतं, आणि हेल्मेटच्या जाळीमागे विशीतलं एक घाबरलेलं पोर होतं. "सॉरी मॅम, सॉरी, लागलं का तुम्हाला?" दंडावर त्याच्या नारिंगी चीजचा ओघळ. मी म्हटलं, "नाही रे बाळा, तुला?" हे मराठीत म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि कठड्यावरून उडी मारून गेला. भोवतालच्या लोकांनी परक्या संघाच्या त्या मुलाला टाळ्या दिल्या.

तोवर भाचा खुर्च्यांखाली गडप झाला होता. इथला नियम असा की प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकाचा. तो गुडघ्यांवर रांगत मागच्या रांगेतून बाहेर आला तेव्हा चेंडू पोटाशी धरलेला, त्यालाही चीज लागलेलं. सामना संपल्यावर प्रेक्षकांना मैदानात सोडतात, खेळाडू रांगेत उभे राहून सह्या देतात. भाच्यानं एम्पायरच्या दोघांची सही घेतली आणि मग मला ओढत पलीकडे नेलं, आपल्यावर पडलेल्या त्या मुलाला शोधायला. तो सापडला नाही.

मी पुण्याला परतले तरी निकाल येत राहिले. प्रशिक्षक रॉब कीफच्या या नव्या संघानं बारापैकी आठ सामने जिंकले, गुणतक्त्यात पहिला नंबर. उपांत्य फेरी दोन सामन्यांची, गुणांची बेरीज करून निर्णय. समोर तेच व्हॅलर, मोसमभरात बारापैकी दोन सामने जिंकलेले. भाच्याला इतकी खात्री की त्यानं अंतिम सामन्यासाठी चेहरा रंगवायचे रंग आणून ठेवले होते. पुण्यात पहाटेचे सात वाजले होते, मी चहा टाकत होते आणि भावाचा मेसेज आला: "गेलो. पोरगं जेवत नाहीये." व्हॅलरनं पुढं अंतिम सामन्यात बाल्टिमोरला 69–55 असं हरवलं. म्हणजे लेऑन्सिससाहेबांनी लेऑन्सिससाहेबांनाच हरवलं. भाच्याला मी फोनवर म्हटलं की निदान आपल्यावर पडलेला मुलगा जिंकला. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि मगच बोलला, "हां, ते आहे."

पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, एम्पायरनं आपल्याच सभागृहात फिलाडेल्फियाला 45–27 हरवून अजिंक्यपद घेतलं. ऑक्टोबरात खंडेनवमीला भावानं पूजेचा फोटो पाठवला. पाटावर त्याचा लॅपटॉप, वहिनीचा स्टेथोस्कोप, एक स्क्रू ड्रायव्हर आणि मधोमध तो चेंडू, हळदकुंकू लावून. पुढच्याच महिन्यात लीगनं दिवाळखोरी जाहीर केली. त्याच नावाचा संघ नंतर दुसऱ्या एका लीगमध्ये उभा राहिला, 2023 मध्ये तोही मिटला.

चेंडू अजून पाटावर येतो. भाचा आता कॉलेजात आहे, खंडेनवमीला घरी नसतो, त्यामुळे वहिनीच मांडते. सह्या पुसट झाल्यात. शिवणीपाशी एक नारिंगी डाग आहे, तो कुंकवाचा की चीजचा यावर नवराबायकोचा दरवर्षी वाद होतो.