शहाळं आणि टाकीखालचा वॉल्व

परवा गणपतीपुळ्याहून येताना रस्त्यावर शहाळं प्यायलो आणि कोयता बसताना बघून परत कामच आठवलं. न फोडलेल्या शहाळ्यातलं पाणी निर्जंतुक असतं, एकदा भोक पडलं की बाहेरची हवा आत गेलीच. मी लोटे एमआयडीसीत फर्मेंटेशनला आहे, म्हणजे औषधांसाठी टाकीत हवे तेवढेच सूक्ष्मजीव वाढवायचं काम, आमची टाकी म्हणजे असंच मोठं स्टीलचं शहाळं, फक्त आम्हाला दर चार तासांनी त्यातून सँपल काढायचं असतं आणि तरी बाहेरचं काही आत जाऊ द्यायचं नसतं. हे सगळं जमतं ते टाकीखालच्या एका छोट्या वॉल्वच्या जिवावर, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

घरच्या नळासारखा बॉल वॉल्व इथे चालत नाही, कारण बॉल आणि बॉडीच्या मधल्या पोकळीत माल अडकून सडतो. म्हणून डायफ्रॅम वॉल्व. रबराचा पडदा खालच्या उंचवट्यावर दाबला जातो, स्पिंडल (वॉल्वचा दांडा) आणि ग्रीस पडद्याच्या वरच राहतं, मालाला लागतच नाही. हा वॉल्व मुळात सॉन्डर्स नावाच्या इंजिनियरने १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतली गळती थांबवायला काढला, औषधांशी तेव्हा काही संबंध नव्हता.

सँपल काढायच्या आधी वॉल्वच्या बाहेरच्या बाजूने वाफ सोडायची, १२१ डिग्रीला वीस-तीस मिनिटं, मग गार होऊ द्यायचं, पहिली धार फेकून द्यायची, मग बाटली लावायची आणि झाल्यावर परत वाफ, नाहीतर मागे राहिलेल्या चार थेंबांवरच जंतू वाढतात. टाकीत थोडं प्रेशर कायम ठेवायचं म्हणजे गळलं तरी माल बाहेर येईल, बाहेरचं आत जाणार नाही.

एका पावसाळ्यात लागोपाठ तीन बॅच तिसऱ्या दिवशी बाहेरचे जंतू शिरून वाया गेल्या. मीडिया (सूक्ष्मजीवांचं खाद्य) तपासला, हवेचे फिल्टर बदलले, टाकीला प्रेशर लावून रात्रभर ठेवली, सगळं ओके. रात्रपाळीचे एक जुने ऑपरेटर काका म्हणाले, "सायेब, टाकीला काय झालेलं नाय, खालचा वाल बघा." मी वाफ चालू असताना सँपल वॉल्वच्या बाहेरच्या पायपाला थर्मामीटर लावला तर ९४ डिग्री! गेजवर प्रेशर बरोबर होतं, पण स्टीम ट्रॅप (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा भाग) गंजाने जाम झालेला, पाणी तुंबून उभं, आणि पाणी तुंबलं की वाफ तिथपर्यंत पोचतच नाही, गेज काहीही दाखवू दे. वॉल्व उघडला तर पडद्याला केसाएवढी चीर, आत माल साचलेला. मला खरंच वाईट वाटलं, तीन बॅचची मेहनत त्या चिरेत गेली होती.

तेव्हापासून मी फक्त प्रेशर बघून सही करत नाही, सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात खालच्या टोकाला टेंपरेचर बघतो, कारण पाणी तिथेच साचतं. मे महिन्यात सगळे ट्रॅप उघडतो, डायफ्रॅम खराब दिसायची वाट न बघता तारखेवर बदलतो, खर्चावरून स्टोअरशी भांडायला लागलं तरी.

तो जुना पडदा माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवीन पोरं ट्रेनिंगला आली की हातात देतो आणि नखाने चीर शोधायला सांगतो, बऱ्याच जणांना पहिल्यांदा सापडत नाही.