रोजनिशी : ‘तो खरा खेळच नव्हता’

शनिवार, रात्री उशिरा

आज टेबलावर माझ्या तोंडून एक वाक्य गेले आणि त्यानंतर कशातच लक्ष लागले नाही, म्हणून झोपण्यापूर्वी ते लिहून ठेवते आहे.

अमेरिकेतल्या मिलवॉकीत राहायला आल्यापासून, म्हणजे गेली 6 वर्षे, दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण एका घराच्या तळघरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते, की एक जण सूत्रधार होऊन जग उभे करतो, बाकीचे त्या जगातले एकेक पात्र होतात, आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे 20 बाजूंचा फासा टाकतात. येथून तासाभराच्या अंतरावर लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तिथूनच बाहेर पडला आणि त्याच्या पहिल्या 1000 पेट्या हातांनी भरल्या गेल्या. त्यानंतर नियमांची पुस्तके पुनःपुन्हा नव्याने लिहिली गेली. दुसरी आवृत्ती 1989 मध्ये, तिसरी 2000 मध्ये, चौथी 2008 मध्ये, पाचवी 2014 मध्ये आणि तिचीच सुधारलेली पुस्तके 2024 पासून. प्रत्येक वेळी चाहत्यांमध्ये इतकी कडू भांडणे झाली, की त्या भांडणांना ‘एडिशन वॉर’ असे कायमचे नावच पडले.

आमच्या गटात महिन्याभरापूर्वी एक नवा तरुण आला आहे. तो इलेक्ट्रिशियन आहे, कमी बोलतो, आणि फासा टाकण्याआधी क्षणभर मुठीत धरून ठेवतो. आज खाण्यासाठी थांबलो असताना त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून एक जुनी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची सगळी माहिती लिहायचा कागद, काढली. चौथी आवृत्ती आली तेव्हा तो 13 वर्षांचा होता, मोठ्या भावांबरोबर खेळत असे, आणि त्या वेळचा त्याचा ‘वॉरलॉर्ड’, म्हणजे मंत्राविना केवळ शब्दांच्या जोरावर सोबत्यांना उभे करणारा सेनानी, आपल्या सध्याच्या कथेत आणता येईल का, असे त्याने विचारले. त्यावर मी म्हणाले, “चौथी आवृत्ती म्हणजे कागदावरचा कॉम्प्युटर गेम. तो खरा खेळच नव्हता.”

सगळे हसले. तोही हसला. पण मी त्याच्या शेजारीच बसले होते आणि माझी नजर त्या शीटवर होती. हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरला आहे तो आकडा, लिहायचा चौकोन इतक्या वेळा खोडरबराने पुसला गेला होता, की तिथला कागद पातळ होऊन मागून चिकटपट्टी लावावी लागली होती. त्या चौकोनावर त्याने अंगठा ठेवला, मग कोपरा दुमडणार नाही अशा बेताने शीट पाकिटात सरकवली, आणि त्यानंतरच्या दोन तासांत स्वतःची पाळी आली की तेवढ्यापुरतेच बोलला.

मी चौथी आवृत्ती एकदाही खेळलेले नाही. मी सुरुवात केली ती पाचवीपासून, आणि आज जे बोलले ते ऐकीव होते.

रविवार, दुपार

सकाळी जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन चौथ्या आवृत्तीचे खेळाडूंचे पुस्तक विकत आणले आणि उपचारांचे नियम आधी वाचले, कारण त्याचा वॉरलॉर्ड तेच काम करतो. पहिल्या तीन आवृत्त्यांमध्ये धर्मोपदेशकाचे, म्हणजे क्लेरिकचे, पात्र घेणाऱ्यावर एक कंटाळवाणे ओझे पडत असे. जखमी सोबत्याला बरे करायचे तर साधारणतः स्वतःची पाळी त्यात खर्ची घालावी लागे, त्यामुळे तो लढाईत राहूनही लढाईबाहेरच असे, आणि पुष्कळ गटांत ‘या वेळी क्लेरिक कोण होणार’ हा प्रश्न नाराजीनेच सुटत असे. चौथ्या आवृत्तीने बरे करण्याला पाळीतली एक छोटी, वेगळी जागा दिली. एकाच पाळीत सोबत्याला उभे करायचे आणि शत्रूवर वारही करायचा. मी गेली कित्येक वर्षे पाचव्या आवृत्तीत ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र आवडीने वापरते, तो याच कल्पनेतून आणि याच नावाने पुढे आला आहे. अर्धे हिट पॉइंट गेलेल्या पात्राला ‘ब्लडीड’ म्हणण्याची चौथीतली पद्धत 2024 च्या पुस्तकांत परत आली आहे. ज्या आवृत्तीला मी खेळ मानायला तयार नव्हते, तिच्याच घरातली भांडी मी रोज वापरत होते.

तरी चौथीविषयीच्या तक्रारी खोट्या होत्या, असे मला म्हणायचे नाही. तिच्यात योद्धा आणि जादूगार यांच्या ताकदी एकाच साच्यात मांडलेल्या दिसतात, लढाईला चौकटीच्या नकाशाशिवाय जवळजवळ चालत नाही, आणि ज्यांना तिसरी आवृत्ती प्रिय होती त्यांना आपले घर मोडले असे वाटणे स्वाभाविक होते. त्यांपैकी पुष्कळ जण 2009 मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’कडे वळले, तिसऱ्या आवृत्तीचे नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याखाली असल्यामुळेच तो खेळ निघू शकला. त्यांची नाराजी खरी होती. पण ‘हा नियम मला रुचत नाही, कारण अमुक’ असे म्हणणे आणि ‘तुम्ही खेळलात तो खेळच नव्हे’ असे म्हणणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण पहिल्या वाक्याला समोरच्याला उत्तर देता येते आणि दुसऱ्यावर तो फक्त गप्प बसू शकतो.

माझे वडील मिरजेत शाळेत संस्कृत शिकवत. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा नेमका अर्थ मला त्यांच्याकडून कळला होता. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. वाद हा सत्य कळावे म्हणून असतो, जल्प हा जिंकण्यासाठी असतो, आणि वितंडा म्हणजे स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची बाजू पाडणे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मांडायचा, तोही असा की पूर्वपक्षाचा माणूस ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेल, आणि मगच खंडनाला हात घालायचा, ही शिस्त ते निबंध लिहिणाऱ्या मुलांनाही लावत. काल मी पूर्वपक्ष ऐकलाही नव्हता.

रविवार, रात्र

आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ खेळाडूचा संध्याकाळी फोन आला. ते 1980 च्या सुमारापासून खेळत आहेत आणि तिसरी आवृत्ती प्रकाशित झाली तेव्हा, 2000 च्या ऑगस्टमध्ये, इथे मिलवॉकीतल्या ‘जेन कॉन’ या खेळांच्या संमेलनात रांगेत उभे होते. कालच्या हसण्यात आपणही होतो, याचे त्यांना वाईट वाटत होते, आणि मग त्यांनी मला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. त्यांचे पहिले लाडके पात्र अर्धा ऑर्क, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा ऑर्क नावाच्या राक्षसी जमातीचा, आणि पेशाने मारेकरी होते. 1989 मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे खेळाडूंचे पुस्तक आले, तेव्हा त्यात ना अर्धे ऑर्क होते ना मारेकरी. 1980 च्या दशकात या खेळावर धार्मिक गटांनी सैतानपूजेचे आरोप केले होते आणि नव्या पुस्तकांनी सैतान-राक्षसांची नावेसुद्धा बदलली होती, हे त्यांना ठाऊक होते. तरीही आपल्या पात्राला कुणीतरी घराबाहेर काढले, असेच त्यांना वाटले. ज्या मित्राने नव्या नियमांनी खेळायचे ठरवले त्याला ते नको ते बोलले, आणि ती मैत्री पुढे जुळायला 11 वर्षे लागली.

“आम्ही थॅकोवरूनही भांडलो,” ते म्हणाले. थॅको म्हणजे ज्याच्या कवचाचा आकडा शून्य आहे अशा शत्रूवर वार बसण्यासाठी फाशावर पडावा लागणारा आकडा. त्या काळी कवचाचा आकडा जितका कमी तितके कवच चांगले. थॅको 17 असेल आणि शत्रूचे कवच 4 असेल, तर 17 मधून 4 वजा करून 13 किंवा अधिक पडावे लागे. तिसऱ्या आवृत्तीने सगळे उलटे केले, म्हणजे तेच कवच 16 झाले आणि त्याच योद्ध्याला फाशावर 3 मिळवायची मुभा मिळाली. मी फोन ठेवून कागदावर मांडून पाहिले. दोन्हीकडे 13 च लागतात. सोयीचा फरक मोठा आहे आणि बेरीज वजाबाकीपेक्षा सोपी पडते, हे माझे मत आजही कायम आहे. पण माणसे तोडावीत असे त्यात काहीही नव्हते.

त्यांनीच आठवण करून दिली, की 2023 च्या जानेवारीत त्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा, हा खेळ काढणाऱ्या कंपनीचा मसुदा बाहेर आला, तेव्हा वर्षानुवर्षे एकमेकांना नावे ठेवणारे सगळ्या आवृत्त्यांचे चाहते एका बाजूला उभे राहिले, आणि महिना संपण्यापूर्वी कंपनीने माघार घेऊन पाचवीचे मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सर्वांना वापर करू देणाऱ्या परवान्याखाली खुले केले.

शनिवार, रात्र

आज सर्वांच्या आधी पोहोचले आणि तो आल्यावर सर्वांसमोरच त्याची माफी मागितली, कारण बोलले होते तेही सर्वांसमोरच. न खेळता मत दिले ही माझी चूक होती, असे स्पष्ट सांगितले आणि आजची संध्याकाळ त्याने चौथ्या आवृत्तीची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती केली. तो संकोचला, पण पुस्तके गाडीत होती.

एकच लढाई झाली आणि ती 1 तास 40 मिनिटे चालली. मध्ये एकदा मला चक्क कंटाळा आला आणि मी तसे सांगितले. तो लगेच म्हणाला, की हा दोष खराच आहे, 2010 च्या तिसऱ्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकापासून, राक्षसांचा मारा वाढवून त्यांनी तो थोडा सुधारला, आणि त्याचे भाऊ तर राक्षसांचे हिट पॉइंट सरळ अर्ध्यावर आणत. गेल्या आठवड्यात मी ज्या दोषाचे नावही अचूक घेऊ शकले नसते, तो त्याने मला आकड्यांसह दाखवला. वॉरलॉर्ड त्याने मलाच खेळायला दिला होता. आमचा योद्धा शून्यावर येऊन पडला, मी दोन शब्द ओरडून त्याला उभे केले आणि त्याच पाळीत पुढे होऊन वार केला. फाशावर 18 पडले तेव्हा टेबलावर जो आवाज झाला, तो कुठल्याही आवृत्तीच्या टेबलावर होतो तसाच होता.

निघताना ज्येष्ठांनी खिशातून चार घड्यांचा एक पिवळा कागद काढला. टंकलेखन यंत्रावर टंकलेले नाव, खाली ‘अर्धा ऑर्क, मारेकरी’, आणि कोपऱ्यात चहाचा डाग. पुढच्या शनिवारी ते 1978 च्या पुस्तकावरून खेळ घेणार आहेत. तरुणाने तो कागद दोन्ही हातांनी धरला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, की कवचाचा आकडा कमी असणे चांगले कसे? ज्येष्ठांनी अंगातला कोट पुन्हा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पेन्सिल मागितली.