बाई, ग्रीनलंड!

भूगोल शिकवायला लागून मला १८ वर्षं झाली. दरवर्षी एकदा तरी मी मर्केटरचा नकाशा फळ्याला टांगते आणि सांगते, की इथे ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतंय, पण खरं तर आफ्रिका त्याच्या १४ पट मोठी आहे. हे आधीच सांगून ठेवते. पुढची फजिती त्याशिवाय कळायची नाही.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं ते वर्गासाठी नकाशे स्वतःचे स्वतः काढता यावेत म्हणून, आणि ते मोफत आहे म्हणूनही. रात्री साडेनऊ ते अकरा ही माझी वेळ. पहिला ऑनलाइन कोर्स मी नाटक बघावं तसा बघितला. व्हिडिओ दीडपट वेगाने, माऊसला हात नाही, हातात वही नाही. बाराव्या धड्यापर्यंत सगळं समजत होतं. मग एका रात्री रिकामा प्रोजेक्ट उघडला, तर माहितीचा पहिला थर आत कसा आणायचा तेच आठवेना.

दुसऱ्या खेपेला नियम केला. स्वतः करून बघितल्याशिवाय व्हिडिओ पुढे न्यायचा नाही आणि पायथन या संगणकी भाषेतल्या कोडची ओळ कॉपी करायची नाही, अक्षर अक्षर टाइप करायची. कंस राहायचे, स्पेलिंग चुकायची, पडदा लाल अक्षरांनी भरायचा. पायथनच्या त्या लांबलचक तक्रारीतली शेवटची ओळ आधी वाचायची, हे कळायलाच मला पंधरा दिवस लागले. त्यानंतर मात्र त्या लाल अक्षरांची भीती गेली. उलट, चूक झाली की ते निदान बोलतात तरी!

व्हिडिओतला मेनू आणि माझ्या पडद्यावरचा मेनू जुळायचे नाहीत, कारण आवृत्त्या वेगळ्या. त्यातही एक गंमत सापडली. क्यूजीआयएसच्या कितीतरी आवृत्त्यांना गावांची नावं आहेत. ३.२८ म्हणजे फिरेंझे, ३.३४ म्हणजे प्रिझ्रेन. फिरेंझे म्हणजे फ्लॉरेन्स हे माहीत होतं. प्रिझ्रेनसाठी मात्र अ‍ॅटलास काढावा लागला. ते कोसोव्होत आहे. त्या रात्री अभ्यास एवढाच झाला.

पायथनच्या कोर्सनंतर जिओपांडाज, म्हणजे पायथनमधूनच नकाशांची माहिती हाताळायचं साधन, मग पोस्टजीआयएस, म्हणजे तशी माहिती साठवून तिला प्रश्न (क्वेरी) विचारायचा डेटाबेस. पोस्टजीआयएसची एक खुली कार्यशाळा आहे, तिची सगळी माहिती न्यूयॉर्कची. मी न्यूयॉर्क पाहिलेलं नाही, पण तिथल्या ब्रॉड स्ट्रीट नावाच्या भुयारी स्टेशनाच्या आसपास काय काय आहे ते मला क्वेरी लिहून सांगता येतं. रस्त्यांची लांबी काढली, वस्त्यांचं क्षेत्रफळ काढलं. उत्तरं मीटरमध्ये आणि बिनचूक. ती बिनचूक का येतात, हा प्रश्न काही मला पडला नाही. ती सगळी माहिती २६९१८ या क्रमांकाच्या निर्देशांक पद्धतीत (जागा आकड्यांत सांगायची पद्धत), म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएमच्या १८ व्या उत्तर पट्ट्यात, आधीच बसवून दिलेली असते. आयतं ताट वाढलेलं होतं, मी फक्त जेवत होते.

मग स्वतःचं काहीतरी करावं म्हणून एक तलाव निवडला. उपग्रहचित्राचा तयार थर लावला, तलावाच्या काठाने एकेक बिंदू टाकत बहुभुज काढला आणि फाइल जतन केली. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘डॉलर एरिया’ चालवलं. ४१.२ हेक्टर. तीच फाइल जिओपांडाजमध्ये वाचली, क्षेत्रफळ मागितलं, दहा हजारांनी भागलं. ४६.३ हेक्टर.

फाइल एक, तलाव एक आणि उत्तरं दोन. बरं, लाल अक्षर एकही नाही.

दोन रात्री गेल्या. भागाकार तपासला. कुठे रेघ रेघेला छेदत असेल म्हणून सगळे बिंदू पुन्हा टाकले. मनातून माझी खात्री होती, की क्यूजीआयएसच चुकतंय. पायथनचं उत्तर मी स्वतः टाइप करून मिळवलेलं होतं ना! तिसऱ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता याच क्षेत्रात काम करतो. माझं सगळं पुराण त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाई, फाइलचा सीआरएस कोणता आहे?”

सीआरएस म्हणजे फाइलची निर्देशांक पद्धत. मी बघून सांगितलं, “३८५७.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसू दाबत तो म्हणाला, “बाई, ग्रीनलंड!”

३८५७ म्हणजे वेब मर्केटर. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये जालावरचा तयार थर पहिल्यांदा लावला, की प्रोजेक्ट त्या थराची पद्धत उचलतो आणि मी प्रोजेक्टच्याच पद्धतीत फाइल जतन केली होती. मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं तसतसं सगळं फुगत जातं. ६० अंशांवर लांबी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. माझा तलाव १९ अंशांवर, तिथे क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी फुगतं. ४१.२ चे ४६.३ झाले ते असे. क्यूजीआयएसचं ‘डॉलर एरिया’ पृथ्वीचा लंबगोल धरून हिशेब करतं, म्हणून ते बरोबर होतं. जिओपांडाज कागदावरच्या सपाट आकृतीचं क्षेत्रफळ देतं, कागद कुठला आहे ते विचारत नाही. फाइल ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असती, तर त्याने निदान इशारा तरी दिला असता, की उत्तर बहुधा चुकीचं आहे. पण ३८५७ मध्ये एकक मीटर असतं, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं ठीक. या पद्धतीला अधिकृत क्रमांक नव्हता तेव्हा लोकांनी तिला ९००९१३ असा गमतीचा क्रमांक दिला होता. इंग्रजी आकड्यांत लिहून बघा, गूगल असं वाचता येतं.

दुरुस्तीतही मी माती खाल्लीच. जिओपांडाजमधलं ‘सेट सीआरएस’ वापरून फाइलला यूटीएमचा क्रमांक द्यायला गेले, तर लाल अक्षरं आली. आधीचा क्रमांक आहेच, तो पुसून नवा लावायचा असेल तर अमुक लिहा, असं त्यात होतं. मी अमुक लिहिलं. क्षेत्रफळ जसंच्या तसं ४६.३, आणि तलाव नकाशावर जागेवरून गायब. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या मिठाची साखर होत नाही. निर्देशांक खरोखर बदलायचे तर ‘टू सीआरएस’ लागतं, आणि हेही त्याच लाल मजकुराच्या शेवटच्या वाक्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटची ओळ आधी वाचायला शिकले होते, पण ती शेवटपर्यंत वाचायची राहिली. यूटीएमचा पट्टा कोणता हेही शोधत बसावं लागत नाही. सहा-सहा अंशांचे ६० पट्टे आहेत, त्यातला योग्य पट्टा सुचवणारं एक फंक्शन जिओपांडाजमध्येच आहे. ते वापरलं आणि ४१.२ आले.

कोर्सवाल्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी प्रक्षेपणावर अख्खा धडा दिला होता. भूगोलाच्या बाईंना हे काय शिकवायचं, म्हणून तो मी ढकलून पुढे नेला होता.

यंदा नववीच्या वर्गात मर्केटर आला तेव्हा ग्रीनलंडबरोबर तलावही दाखवला, दोन्ही आकड्यांसकट. पोरं मनसोक्त हसली. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “बाई, ४१.२ हे पाणी पावसाळ्यातलं की उन्हाळ्यातलं?”

तयार थरातलं चित्र कोणत्या महिन्यातलं, ते मी बघितलंच नव्हतं.

म्हणून सध्या रास्टरचा, म्हणजे पिक्सेलांनी बनलेल्या चित्रांचा, कोर्स चालू आहे. सेंटिनेल-२ ची चित्रं मोफत मिळतात, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक, आणि हिरव्या व निकट-अवरक्त पट्ट्यांत एक पिक्सेल १० मीटरचा असतो. या दोन पट्ट्यांच्या फरकाला बेरजेने भागलं की पाणी वेगळं काढता येतं. मे आणि ऑक्टोबरची चित्रं उतरवून ठेवली आहेत. ऑक्टोबरच्या चित्रात नेमका तलावावर ढग आहे.