कोट न दिसणारा डॉक्टर

डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका, म्हणजे काळात भटकणाऱ्या आणि अधूनमधून नट बदलणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवाल्याची गोष्ट, १९६३ ला सुरू झाली नि १९८९ ला बंद पडली, मध्ये १९९६ ला एक टीव्ही सिनेमा आला खरा पण गाडी काही पुढे सरकली नाही, आणि मग १९९९ मध्ये बिग फिनिश नावाच्या कंपनीने जुन्याच नटांना बोलवून ह्याची ऑडिओ नाटकं काढायला घेतली. टीव्हीवर परत यायला २००५ उजाडलं, तोवर हा डॉक्टर बऱ्यापैकी कानांवरच जगला म्हणा ना.

ह्या डॉक्टर झालेल्या नटांत मला सगळ्यात भारी वाटतो तो कॉलिन बेकर. टीव्हीवर बिचाऱ्याला असला कोट घातला होता की बघवत नाही, लाल हिरवे पिवळे गुलाबी सगळे तुकडे एकत्र, खाली पिवळी पट्ट्यापट्ट्याची पँट, जणू शिंप्याने दिवाळीनंतरच्या उरलेल्या चिंध्या एकदाच संपवून टाकल्या. १९८६ ला त्याला काढूनच टाकलं. आणि ऑडिओत? कोट गायब! उरला तो आवाज, आणि तो आवाज इतका कमाल आहे की हाच का तो माणूस असं वाटतं. सोबतीला एव्हलिन स्माइथ, पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका, मॅगी स्टेबल्सने केलेली, ती ह्याला चक्क झापते. टीव्हीवर अशा वयाची बाई डॉक्टरबरोबर फिरायला कुणी पाठवली असती का, शंकाच आहे.

दुसरं म्हणजे राक्षस. १९७५ च्या एका गोष्टीतली अळी चक्क बबल रॅपला हिरवा रंग मारून केलेली आहे, एकदा कळलं की ते फुगे फोडावेसेच वाटतात. ऑडिओत बजेटचा प्रश्नच नाही, अख्खा ग्रह जळाला तरी आपल्याच डोक्यात जळतो. पण एक खोट आहे, काही लेखकांना धीर नसतो. मग पात्रं बोलतात, 'अरे देवा, तो बघ दारातून येतोय, आणि त्याला तीन हात आहेत!' अरे बाबा, समोर तीन हातवाला आल्यावर कोण हात मोजत बसतं?

रॉबर्ट शेअरमन हे असलं करत नाही. त्याच्या 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' मध्ये नाताळची रात्र, एक जुनं घर, खाली नोकरांच्या खोल्या, घड्याळाचे टोले पडतात आणि कुणीतरी मरतं. बस, एवढंच. डॉक्टर इथे पॉल मॅकगॅन, त्याच १९९६ च्या सिनेमातला, ज्याला टीव्हीवर धड एक संध्याकाळ मिळाली आणि ऑडिओत कितीतरी वर्षं. ऐकायचं असेल तर हेच आधी ऐका, फक्त हेडफोन लावून, कारण कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ते टोले हमखास चुकतात आणि मग मेलं कोण तेच कळत नाही.