दर शुक्रवारी ‘शब्बात शलोम’

लेकीला ज्यू बालवाडीत का घातलं, हा प्रश्न मला इथल्या मराठी मंडळींपेक्षा भारतातून जास्त विचारला जातो. न्यू जर्सीत लहान मूल वाढवणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं: शाळा स्टेशनच्या वाटेवर आहे, संध्याकाळी सहापर्यंत चालते, डायपर सुटलेला नसला तरी घेतात आणि मुख्य म्हणजे आमचा नंबर लागला. नंबर लागल्यावर माणूस धर्म-बिर्म बघत बसत नाही. आईने मात्र फोनवर पहिल्याच दमात विचारलं, “अगं, बाटवणार नाहीत ना पोरीला?” तर नाही. धर्मप्रसाराच्या भानगडीत ज्यू लोक सहसा पडत नाहीत. कुणी आपणहून ज्यू व्हायला गेलं तरी राबायने, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूने, त्याला आधी परत पाठवावं, अशीच जुनी रीत आहे.

शाळा ‘ज्यूइश कम्युनिटी सेंटर’मध्ये आहे. इथे सगळे जेसीसी म्हणतात. पोहण्याचा तलाव, जिम, दुपारी पत्ते कुटणारे आजी-आजोबा आणि तळमजल्यावर बालवाडी, असं ते एकत्र नांदतं घर. या संस्थांची सुरुवात १८५४ साली बाल्टिमोरमध्ये तरुणांच्या एका मंडळापासून झाली. पुढे युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणं, त्यांच्या मुलांना संध्याकाळी कुठेतरी गुंतवणं, ही कामं या मंडळांनी केली. आता त्यांची दारं सगळ्यांना उघडी असतात. लेकीच्या वर्गात एक कोरियन मुलगा आहे, एक गुजराती जुळी जोडी आहे आणि निम्म्याअधिक घरांत आई किंवा बाबा यांतलं एकच कुणीतरी ज्यू आहे.

दुसरं कारण डब्याचं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून शाळेने डब्यात मांसच नको असं ठरवून टाकलंय. दही, चीज, अंडं, भाज्या, डाळी सगळं चालतं. आमच्यासारख्या शाकाहारी घराला यापेक्षा काय हवं? वरण-भात, पोळीचा लाडू, काकडीची कोशिंबीर, काहीही द्या. फक्त कोशिंबिरीत दाण्याचं कूट नको. त्याचा धर्माशी संबंध नाही, अ‍ॅलर्जीशी आहे. पण कुटाशिवाय कोशिंबीर करताना माझा हात अजून अडखळतो.

खरी मजा शुक्रवारी. सकाळीच पीठ मळलेलं असतं आणि एकेका मुलाला तीन लांबट वळ्या मिळतात. त्यांची तिपेडी वेणी घालायची. तीन वर्षांच्या हातून वेणी कसली, गुंताच होतो, पण वरून अंडं फासून भट्टीत घातला की त्याचा पाव होतो. हा शब्बातचा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचा पाव, ‘हाला’. अकरा वाजेपर्यंत अख्ख्या कॉरिडॉरला भाजल्या पिठाचा वास. मग सगळे गोल करून बसतात. दर आठवड्याला एकीला ‘इमा’ आणि एकाला ‘अब्बा’ म्हणजे आई आणि बाबा व्हायचा मान. इमा मेणबत्त्या लावते (बॅटरीच्या, कारण फायर अलार्म), तीन वेळा हात आपल्याकडे ओवाळून घेते आणि डोळे झाकते. बोटांच्या फटींतून बघणं चालू असतंच. अब्बा द्राक्षाच्या रसाचा पेला उचलतो. मग पत्र्याच्या डब्यात प्रत्येकाने एक नाणं टाकायचं, ते दानाचं, ‘त्झेदाका’. नाणं पडल्याचा आवाज नीट आला नाही तर लेक ते परत काढून टाकायला मागते. सगळ्यात शेवटी पाव.

एवढा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपतो आणि त्यात भाषण नसतं. देव म्हणजे काय, शब्बात का पाळायचा, यातलं काही कुणी समजावत नाही. पीठ, ज्योत, रस, नाणं, पाव. आठवड्याला एकदा, त्याच क्रमाने. मुलांच्या अंगात ते असं मुरतं की आमची लेक आता शुक्रवारी घरी पोळी तोडायच्या आधीही थांबते आणि आमच्याकडे बघते.

बालवाडीच्या आधीही एक वर्ग असतो, तान्ह्या बाळांचा. आई किंवा बाबाने बाळ घेऊन सतरंजीवर बसायचं, गिटारवाली बाई गाणी म्हणते, बाळं रांगतात, कुणी रडतं. मी बाळंतपणाच्या रजेत तिथे जाऊ लागले. नावाला वर्ग बाळाचा, पण शिकवणी आईबापांची, हे लवकरच लक्षात आलं. चार महिन्यांच्या बाळाला सणवार काय कळणार! पण त्याची आई पहिल्यांदाच घरात एकटी पडलेली असते, आपल्या आजीने मेणबत्ती लावताना काय म्हटलं होतं ते तिला अर्धवट आठवत असतं आणि ज्यू नसलेल्या नवऱ्याला तर काहीच माहीत नसतं. अशा वेळी जो हात धरेल त्याच्याकडे माणूस वळतो, हे या समाजाने ओळखलंय आणि त्यावर पैसाही लावलाय. २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रतिष्ठानाने ‘पीजे लायब्ररी’ सुरू केली. ज्यू मुलं वाढवणाऱ्या घरांना दर महिन्याला पोस्टाने गोष्टीचं पुस्तक, फुकट. आम्हाला ते येत नाही, पण लेकीच्या मैत्रिणीकडून जुनी पुस्तकं फिरत फिरत आमच्या कपाटात येऊन थांबलीत.

आता इथे मी जरा आपल्याच लोकांवर घसरणार आहे. आमच्या मंडळाचा गणपती दणक्यात होतो, ढोल-ताशा असतो, जेवण उत्तम. पण लहान मुलांचा कार्यक्रम म्हणजे स्टेजवरचा नाच, तोही साडेआठला ठरलेला आणि दहाला सुरू होणारा. तोवर पोरं खुर्च्यांवर झोपलेली, आया नऊवारी सावरत त्यांना उठवतायत. सेंटरचा लहान मुलांचा ‘टॉट शब्बात’ संध्याकाळी पाचला सुरू होतो आणि सव्वासहाला मुलं जेवून घराकडे निघालेली असतात. वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवलेली. आपल्याकडे सण मुलांना शिकवण्याचं खातं आजीकडे असतं, आणि इथे आजी सहा महिन्यांच्या मुक्कामावर येते. ती परत गेली की खातं बंद.

त्यांच्याकडे सगळंच आदर्श आहे असं नाही. फी घरभाड्याच्या खांद्याला खांदा लावून उभी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुट्ट्यांचा पाऊस पडतो: रोश हशानाचे, म्हणजे नव्या वर्षाचे दोन दिवस, योम किपुर हा प्रायश्चित्ताचा दिवस, खोपींच्या सुक्कोत सणाचे दोन, मग शेवटी पुन्हा दोन. नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं, तर एकमेकांच्या घरी पोरं सोडायची. हनुक्का खरं तर मधल्या वकुबाचा सण, पण नाताळच्या शेजारी येत असल्याने अमेरिकेत तो फुगलाय. आठ दिवस आठ भेटवस्तू, निळे-चंदेरी झगमगाट. त्यामागची मूळ गोष्ट लढाईची आहे, बालवाडीत मात्र फक्त दिव्यातलं तेल उरतं. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, बस्स.

सुक्कोत मला सगळ्यात आवडतो. मैदानात लाकडी खोपी उभारतात आणि वर फांद्यांचं विरळ छप्पर घालतात. छपरातून तारे दिसले पाहिजेत, असा नियमच आहे. आठवडाभर मुलं मधला खाऊ त्या खोपीत खातात आणि वर बघताना पाणी सांडतात. या सणाला एक फळ लागतं, ‘एत्रोग’. जवसाच्या मऊ धाग्यांत गुंडाळून, लाकडी डबीत ठेवून आणलेलं. टोकाला असलेला इवलासा देठासारखा भाग तुटला तर फळ बाद, म्हणून मुलांनी हात मागे बांधून नुसता वास घ्यायचा. मीही वाकून वास घेतला आणि ओळख पटली. हे तर महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच. लेकीच्या मोराला, म्हणजे शिक्षिकेला, मी फोनवर देवीचा फोटो दाखवला. तिने तो लगेच शेजारच्या वर्गात नेऊन दाखवला.

माघाच्या पौर्णिमेच्या आसपास झाडांचा वाढदिवस येतो, ‘तू बिश्वात’. त्या दिवशी प्रत्येकाने कागदी पेल्यात पार्सलीचं बी पेरायचं. बाहेर बर्फ, आणि खिडकीत चिकटपट्टीवर नावं लिहिलेल्या पेल्यांची रांग. दोन महिन्यांनी पेसाह, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण येतो, तेव्हा हीच पार्सली खुडून मिठाच्या पाण्यात बुडवायची. मिठाचं पाणी म्हणजे इजिप्तमधल्या गुलामांचे अश्रू. लेकीच्या पेल्यात तीनच काड्या आल्या होत्या, पण त्या खाताना चेहरा असा की पंगतीत मान मिळालाय.

पेसाहची रात्र ही जगातली जुनी बालवाडी म्हणायला हरकत नाही. त्या जेवणाची सगळी मांडणीच मुलाने विचारावं म्हणून केलेली आहे. आजची रात्र वेगळी का, हे घरातलं सगळ्यात धाकटं मूल विचारतं आणि मग मोठ्यांनी गोष्ट सांगायची. पोरं पेंगू नयेत म्हणून बिनखमिराच्या पोळीचा एक तुकडा लपवून ठेवतात. तो सापडवणाऱ्याला बक्षीस. त्या गोष्टीत इजिप्तवर दहा आपत्त्या कोसळतात. शाळेतल्या नमुना जेवणात त्यांपैकी बेडूक सर्वांत लोकप्रिय, टेबलभर प्लास्टिकचे हिरवे बेडूक उड्या मारत होते. दहावी आपत्ती, पहिल्या अपत्यांच्या मृत्यूची, या वयाला सांगत नाहीत. माझ्या मते बरोबर करतात.

त्या आठवड्यात डब्याचा मात्र बोऱ्या वाजतो. आपली पोळी नाही, पाव नाही, आणि युरोपातून आलेल्या ज्यूंच्या जुन्या रिवाजाप्रमाणे भात आणि डाळीही नाहीत. २०१५ मध्ये त्यांच्यातल्या एका मोठ्या पंथाने तांदूळ-कडधान्यांना मोकळीक दिली, पण आमची शाळा जुन्या वळणाची. मग सुचलं, उपासाचं! बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, साबुदाण्याची थालीपिठं, दही. साबुदाणा कंदाचा, धान्य नव्हे, हे मोराने पाकिटावर दोनदा वाचून मान डोलावली. कूट वगळलंच होतं. आठवडाभर लेकीने एकादशी केली.

माझं माहेर अलिबागचं. तिथल्या इस्रायल आळीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे आणि जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे पूर्वज जहाज फुटून उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळायचे आणि शब्बात म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर ही त्यांचीच आडनावं. आईला भीती बाटण्याची होती, पण ‘एलियाहू’ या प्रेषिताचं नाव ऐकलं आणि तिची कळी खुलली. “अगं, ते मलिदा करायचे ना! पोहे, खोबरं, साखर, फळं. आमच्याकडे ताट यायचं.” पेसाहच्या रात्री इथेही एलियाहूसाठी पेला भरून ठेवतात आणि मुलं दार उघडायला धावतात. कोकणात हे सण मराठी नावांनी ओळखले जात: रोश हशाना हा नव्याचा सण, योम किपुर दारफाळणीचा, म्हणजे दारं बंद करण्याचा, पेसाह अनाशी ढाकाचा, म्हणजे आंबट चटणीची बरणी झाकण्याचा, आणि पुरीम चक्क होळीचा सण. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या पोळ्या करतायत. ते चित्र मी मोराला पाठवलं आणि आता ते वर्गाच्या भिंतीवर आहे, बेडकांच्या शेजारी.

एक गोष्ट सवयीची होत नाही. शाळेच्या दाराशी बंदूकवाला पहारेकरी असतो. २०१७ च्या सुरुवातीला देशभरातल्या जेसीसींना बॉम्बच्या धमक्यांचे शंभराहून अधिक फोन आले, बालवाड्या रिकाम्या कराव्या लागल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मी मुंबईहून आले म्हटल्यावर एका बाबाने ताबडतोब विचारलं, “मोशे?” २६/११ च्या हल्ल्यात नरिमन हाउसमधून सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढलेला दोन वर्षांचा मोशे. मी हो म्हटलं. आम्ही दोघं मुलांच्या जॅकेटांच्या चेन लावत होतो.

जाता जाता कामाची माहिती. त्यांचंही पंचांग चांद्र आणि अधिक महिन्याचं, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून गेल्या वर्षी रोश हशाना घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाला, योम किपुर दसऱ्याला पडला आणि सुक्कोत कोजागिरीच्या रात्री लागला. शाळा बंद, आमचे सण साजरे, रजा वाचली. या वर्षी आपला अधिक ज्येष्ठ आधीच येतोय आणि त्यांचा जादा अदार महिना पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणून सगळं एक महिना सरकलंय. रोश हशाना ११ सप्टेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन शनिवार-रविवारी पडतो आणि गणपती सोमवारी, १४ तारखेला. शाळा चालू. तेव्हा गणपतीची रजा या वेळी आमची आम्हालाच टाकावी लागणार, आणि नवऱ्याच्या ऑफिसात तो आठवडा तिमाहीच्या शेवटाच्या धावपळीचा. आरती संध्याकाळी पाचला ठेवतोय. लेकीच्या वर्गाला बोलावलंय, मोदकांत अक्रोड-बदाम नाहीत हे आमंत्रणातच लिहिलंय.